भाकरी बंद

३ डिसेंबर, बुधवार
डॉक्टर मॅडम, वही उशिरा सुरू करतोय, माफ करा. तुम्ही दिवाळीनंतर लगेच लिहायला सांगितलं होतं. वही मुलाने, प्रवीणने, त्याच दिवशी आणून दिली. पेनही घरात होतं. पण काय लिहायचं ते सुचत नव्हतं. जे खाल्लं ते लिहा म्हणालात. सकाळी खाल्लेलं दुपारपर्यंत लक्षात राहत नाही हल्ली.
आजचं. सकाळी चहा बिनसाखरेचा, दोन पोळ्या, कोबी. दुपारी दोन पोळ्या, मुगाची डाळ, काकडी. संध्याकाळ अजून व्हायची आहे.
शिक्षण चौथीपर्यंत, तेही मराठीत, गावी. चुकलंमाकलं समजून घ्या.

४ डिसेंबर, गुरुवार
सुनेने, वैशालीने, वही बघितली. म्हणाली, आप्पा, मॅडमला एवढं नको असतं. किती पोळ्या, किती चहा, एवढंच लिहा. म्हणून मॅडमचं आता वहीच्या मागच्या बाजूने लिहितो. पुढची पानं माझी.
माझी म्हणजे काय लिहायचं, ते आलं की लिहीन.

५ डिसेंबर, शुक्रवार
लिफ्ट बंद होती. चार जिने उतरलो, चढलो. छातीत काही झालं नाही. तरी दोन तास वाट बघितली काही होतं का.
वै. म्हणते आप्पा, काही झालं असतं तर जिन्यातच झालं असतं.

७ डिसेंबर, रविवार
सुरतेत रविवारी संध्याकाळी गॅस पेटवायचा नाही, बाहेर जेवायचं. लिंबायतला होतो तोवर आम्ही नाही पाळलं हे. लूमला सुट्टी असली तरी प्रवीणची आई तव्यापुढेच. पर्वत पाटियाला फ्लॅट घेतल्यापासून प्र. सुरती झाला.
पण आता माझी शुगर. म्हणून जिथे सगळे खातील आणि मलाही चालेल अशी जागा प्र. मोबाइलवर शोधतो. पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये ऑफिसात आहे तो, तिथले लोकही सांगतात. आजची जागा म्हणजे काचेमागे डबेच डबे. मका, बीट, मोड आलेले मूग, पानं, आणखी पानं. बोट दाखवायचं, बाई मोठ्या वाडग्यात टाकते आणि ढवळते.
नात मिताली अकरावीत आहे. घाईत असली की माझ्याशीही गुजरातीत सुरू होते. म्हणाली, आप्पा, शुं नखाववुं छे? म्हणजे काय काय टाकायला सांगू. मी म्हटलं, हे तर बैलापुढे टाकतात.
प्र. म्हणाला, "बैलाला कधी शुगर झालेली ऐकली का?"
सगळे हसले. मीही हसलो. पानं धुतली असतील का, हे मनात होतं. विचारलं नाही, मागच्या वेळी विचारलं तेव्हा मितालीला लाज वाटली होती.
चव काय होती ते सांगता येणार नाही. चावून चावून जबडा दुखला. पोट भरलं.

१० डिसेंबर, बुधवार
बुधवार म्हणजे नंदाचा फोन. माझी मुलगी, प्रवीणची मोठी बहीण, शिरपूरला दिली आहे. प्र. मिलमधून आला की साडेसातच्या सुमारास करते. मी सोफ्यावर त्याच्या बाजूलाच बसतो. आज वै.शी बोलली, मि.शी बोलली, प्र.शी बोलली. प्र. म्हणाला, "हो, आप्पा बरे आहेत." म्हणजे तिने विचारलं असावं. किंवा तो आपणहून म्हणाला असेल. तिकडचं मला ऐकू येत नाही. लूमच्या खडखडाटात चाळीस वर्षं गेली, कान तिथेच राहिले.
फोन माझ्याकडे आला नाही. वैशाखापासून येत नाही.
मग प्र.ने सांगितलं, ताई आखाजीला येणार नाही म्हणते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अजून चार महिने आहेत. आतापासून सांगून ठेवलं तिने.
मुलगी माहेरी येते ती आखाजीला. आणि यंदा तिच्या आईच्या नावाने पहिली घागर भरायची आहे, गेलेल्या माणसासाठी भरतात ती.

११ डिसेंबर, गुरुवार
काल लिहायचं राहिलं ते लिहून ठेवतो.
गेल्या वर्षी दिवाळीनंतर प्रवीणच्या आईची शुगर खूप वाढली. हृदयही मोठं झालं होतं. याच मॅडमकडे मी तिला घेऊन गेलो. मॅडमने सांगितलं, भाकरी बंद. रोटली, म्हणजे पोळी, दोन. मी पाळलं. मी आयुष्यात कुणाचं सांगितलेलं मोडलं नाही, ना मास्तरचं, ना शेठचं. घरातच भाकरी बंद केली. पीठ संपलं ते पुन्हा दळलं नाही. तिच्यासमोर आम्ही तरी कशी खायची? आता माझीही शुगर, म्हणून ती बंदच आहे.
ती मागायची. रोज नाही. चार-आठ दिवसांनी. "एक घास तं खाऊ द्या." मी म्हणायचो, बरी हो, मग खा.
आखाजीला नंदा आली. येताना कळण्याचं पीठ घेऊन आली, ज्वारीत उडीद घालून दळलेलं. मी खाली दूध आणायला गेलो तेवढ्यात भाकरी थापली, आईपुढे ताट ठेवलं. मी आलो. तिने पहिला तुकडा मोडला होता. मी ताट उचललं.
नंदा आमच्या अहिराणीत म्हणाली, "डॉक्टर मोठा शे का मनी माय मोठी शे?"
ताट ओट्यावर नेऊन ठेवलं. हातातला तुकडाही काढून घेतला. तेही लिहितो.
अकराव्या दिवशी ती गेली. झोपेत, हृदयाने. तेराव्याला पाहुण्यांसमोर नंदा म्हणाली, "मायले एक भाकर खाऊ दिधी नही तुम्ही." तेव्हापासून बोलत नाही.
प्र. माझी बाजू घेतो. सगळ्यांना सांगतो, डॉक्टरनेच बंद केली होती, आप्पा काय करणार.

१४ डिसेंबर, रविवार
पोंक खायला गेलो, नदीकडे. तिथे थंडीत मांडव लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडा. सोबत शेव, लिंबू, मिऱ्याची गोळी. गाड्यांची रांग लागलेली. माणसं घरच्यांना घेऊन ज्वारी खायला येतात.
प्र. म्हणाला, आप्पा, हे सगळ्यात हेल्दी. द्रोणभर दिलं. गरम होतं. खाल्लं.
नंतर गाडीत मनात आलं, कोवळी ज्वारी चालते आणि पिकलेली चालत नाही, हे कसं? मग म्हटलं, मॅडमला आपल्यापेक्षा जास्त कळतं.
घरी येऊन मागच्या पानावर लिहिलं, पोंक एक द्रोण. शेव लिहिली नाही.

१७ डिसेंबर, बुधवार
फोन आला. सोळा मिनिटं. माझ्याकडे नाही.

१९ डिसेंबर, शुक्रवार
काही नाही. दोन, दोन, एक.

२१ डिसेंबर, रविवार
आज पलसाण्याच्या रस्त्याला नवीन हॉटेल निघालंय तिथे गेलो. बाहेर बाज टाकलेली, बैलगाडीचं चाक भिंतीला. आत एसी. सगळं ज्वारी, बाजरी, नाचणीचं. कार्ड गुजराती आणि इंग्रजीत. मि.ने वाचून मागवलं, माझ्यासाठी जुवारनो रोटलो आणि ओळो. ओळो म्हणजे भाजलेल्या वांग्याचं.
ताटात आलं तर भाकरी. हाताने थापलेली, एका बाजूने पापुद्रा सुटलेला, वर लोण्याचा गोळा. आणि भरीत. हिरव्या लसणीचं.
मी बघत राहिलो. वै. माझ्याकडे बघत होती. हळूच म्हणाली, आप्पा, भाकरी आहे ती.
मि. कार्डावर बोट ठेवून म्हणाली, "रोटलो लखेलुं छे."
प्र. म्हणाला, खा हो, मिलेटचं आहे सगळं, त्यासाठीच तर आलो.
मी खाल्ली.
वर्ष होऊन गेलं होतं. चव लागली. म्हणजे काय ते आता लिहिताना सापडत नाही, पण लागली. कडेचा भाग आधी खाल्ला, कडक असतो तो. मग पापुद्रा. आणखी एक घेऊ का, असं मी विचारलं. मीच विचारलं. प्र. इतका खूश झाला की त्याने दोन मागवल्या.
तीन खाल्ल्या असत्या. दोनवर थांबलो.
परत येताना गाडीत मि. कानात वायर घालून बसली होती.

२२ डिसेंबर, सोमवार
पहाटेच उठून बसलो. आता शुगर चढली असणार. वै.ला मशीन लावायला सांगितलं. बोट टोचलं. आली ती नेहमीपेक्षा कमी. म्हटलं मशीन बिघडलं. दुसऱ्या बोटाला लावलं. तेवढीच.
वै. म्हणाली, बघा, काही झालं नाही.
मला बरं वाटायला हवं होतं.

२३ डिसेंबर, मंगळवार
मागच्या पानावर रविवारचं कोरं ठेवलंय. काय लिहू? शुक्रवारी मॅडमकडे जायचंय. खोटं लिहिलं तर औषध चुकीचं देतील. खरं लिहिलं तर ओरडतील.

२६ डिसेंबर, शुक्रवार
एकटाच गेलो, रिक्षाने. प्र.ला सुट्टी नव्हती. वै. येते म्हणत होती, मी नको म्हटलं, ओरडा खायचा तो एकट्याने.
मॅडमने वही मागून उघडली. चाळली, टिक करत गेल्या. कोऱ्या जागेवर थांबल्या. इथे काय? मी सांगितलं, मॅडम, रविवार को भाकरी खाया. दो.
त्या म्हणाल्या, "भाखरी? तेल कितना था उसमें?"
मी म्हटलं तेल कुठलं, तेल नसतं. ज्वार का. हाथ से करते हैं.
त्या हसल्या. "अरे काका, वो तो रोटला है. रोटला मैंने कब मना किया? रोज खाओ."
मी बसून राहिलो. चाळीस वर्षं सुरतेत काढली. भाखरी काय असते ते मला माहीत नाही असं नाही. गव्हाची, तेलाचं मोहन घालून, तव्यावर दाबून दाबून बिस्किटासारखी कडक करतात ती. शेठच्या घरून डबा यायचा त्यात असायची. आणि आपल्या ज्वारी-बाजरीच्या भाकरीला हे लोक रोटलो म्हणतात, तेही माहीत आहे. पण त्या दिवशी, प्रवीणची आई बाजूला बसलेली असताना, मॅडमने विचारलं, घर में क्या खाते हो, तेव्हा मी माझ्या शब्दात बोललो. हम लोग भाकरी खाते हैं, दो टाइम. त्या त्यांच्या शब्दात ऐकत होत्या.
एक शब्द. रोटलो म्हणालो असतो तर झालं असतं.
मी म्हटलं, मॅडम, मेरे घर में भी आपने बंद करवाया था. पिछले साल. वाइफ को.
त्यांना आठवलं नाही. रोज इतकी माणसं येतात. म्हणाल्या, "उनको भी रोटला ही दो काका. बा को एक बार ले के आना, बहुत दिन हो गए."
मी हां म्हटलं.
रिक्षा घरापर्यंत न करता पर्वत पाटियालाच उतरलो. चालत आलो. रस्ता ओलांडताना भीती वाटली नाही. घरी आल्यावर लक्षात आलं की वाटली नाही.

२७ डिसेंबर, शनिवार
प्रवीणच्या आईला मॅडमने लिहून दिलेला कागद पेटीत होता. हरवेल म्हणून मी तो तेव्हाच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवला होता. कुणाच्या हातात दिला नाही, प्र.च्याही नाही. मॅडमने तोंडी सांगितलं तेच सगळं, असं धरून चाललो. गुजराती छापलेलं असेल तर अक्षर लावून वाचतो मी, बसची पाटी, दुकानाचं नाव. हाताने लिहिलेलं नाही जमत.
मि.ला म्हटलं, हे वाच. तिने भराभरा वाचलं. खांड म्हणजे साखर बंद, बटाका बंद, भाखरी बंद. मी म्हटलं, पुढे. म्हणाली, पुढे मागच्या बाजूला आहे. पालटलं.
"जुवार-बाजरीनो रोटलो, एक, बे टाइम, चाले."
एक-एक, दोन्ही वेळा. परत वाच म्हटलं. तिने परत वाचलं. म्हणाली, केम आप्पा? काय झालं?
काही नाही म्हटलं. कागद परत पिशवीत घातला.

२८ डिसेंबर, रविवार
बाहेर गेलो नाही. पोट बरं नाही म्हटलं. ते तिघं गेले. मी दूध आणि बिस्किट. बिस्किट मागच्या पानावर लिहिलं.

३० डिसेंबर, मंगळवार
प्र.ला सांगितलं. कागद दाखवला. तो वाचत बसला. दोन्ही बाजू. मग चष्मा काढला.
म्हणाला, आता काय उपयोग आप्पा. आई गेली ती हृदयाने गेली, भाकरीने नाही. खाल्ली असती तरी गेलीच असती.
मी म्हटलं, खाऊन गेली असती.
उठताना म्हणाला, "ताईला सांगू नका. तिला डॉक्टरने बंद केली एवढंच ठाऊक राहू द्या. तेवढ्यावर कधीतरी बोलेल तुमच्याशी. हे कळलं तर कायमचं तुटेल."
बरोबर आहे त्याचं. मी आठ महिने त्या एका गोष्टीवर उभा आहे. डॉक्टरने सांगितलं होतं. ती काढली तर मी काय केलं एवढंच उरतं.

३१ डिसेंबर, बुधवार
फोन आला. प्र. बोलताना माझ्याकडे बघत होता. तिला म्हणाला, अगं आखाजीचं आत्ताच कशाला ठरवतेस. पुढे म्हणाला, आप्पांनी मुद्दाम थोडंच केलं, डॉक्टरचंच होतं ना ते.
आता तो जाणूनबुजून खोटं बोलतोय. माझ्यासाठी. आजवर खरं समजून बोलत होता.

२ जानेवारी, शुक्रवार
काही नाही. दोन, दोन, दोन. थंडी आहे. स्वेटर प्रवीणच्या आईने विणलेला नाही, बाजारातला आहे. उगाच काहीतरी आठवून रडावं म्हटलं तर तसंही होत नाही.

४ जानेवारी, रविवार
गेलो आज. न गेलं तर प्र.ला वाईट वाटतं. पुन्हा तेच पलसाण्याचं हॉटेल, मि.ला तिथलं नाचणीचं काहीतरी गोड आवडलं. माझ्यासाठी न विचारता रोटलो आला. खाल्ला. मागच्या वेळसारखाच असणार. मला मळलेल्या कागदासारखा लागला. ताटात टाकला नाही, संपवला.
प्र. आणि मि. गोड घ्यायला काउंटरवर गेले तेव्हा वै. समोरून उठून माझ्या बाजूला येऊन बसली. प्र.ने तिला सांगितलं असणार. म्हणाली, आप्पा, एक बोलू का? बोल म्हटलं.
म्हणाली, मी सून आहे, मी मधे पडू नये. पण हे असं किती दिवस दाबणार? मितालीने वाचलंय ते. ती आत्याशी रोज चॅट करते. एक दिवस बोलता बोलता बोलून जाईल. "ताईंना तुमच्याकडून कळलं तर एक आहे. पोरीकडून कळलं तर मग तुम्ही लपवलं असं होईल."
मी म्हटलं, ती कायमची तुटेल.
वै. म्हणाली, "आता कुठे जोडलेली आहे?"
तेवढ्यात ते दोघं आले. गोड मी चमचाभर घेतलं. चालतं म्हणे.

५ जानेवारी, सोमवार
फोन करून सांगता येणार नाही. एक तर ती घेणार नाही. घेतला तर तिचं मला नीट ऐकू येणार नाही, मी भलतंच उत्तर देईन. भलतंच ऐकून एकदा झालंय ते पुरे.
लिहूनच कळवावं लागेल.

६ जानेवारी, मंगळवार
लिहिलं. फाडलं. त्यात मॅडमचंच जास्त झालं होतं. मॅडम असं म्हणाल्या, तसं म्हणाल्या.

७ जानेवारी, बुधवार
फोन आला. मितालीशी बोलली, बराच वेळ हसत होत्या दोघी. हसण्याचा आवाज तेवढा मला येतो.
पुन्हा लिहिलं. ते फाडलं नाही. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे काय लिहिलं ते माझ्याजवळ राहील.
"चि. नंदा, आशीर्वाद. डॉक्टरने तुझ्या आईची भाकरी बंद केली नव्हती. मी भाकरी म्हणालो, मॅडमना गुजराती लोकांची गव्हाची भाखरी वाटली, त्यांनी ती बंद केली. ज्वारी-बाजरीची चालते असं कागदावर लिहिलेलं होतं. कागद मी पेटीत ठेवला, कुणाला वाचायला दिला नाही. हे मला आता डिसेंबरात कळलं. प्रवीणला त्यानंतर कळलं, आधी त्यालाही माहीत नव्हतं. तू त्या दिवशी दिलेली भाकरी तिला चालणारी होती. मी हातातून काढून घेतली. तुला हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. तुझे आप्पा."
माफ कर असं शेवटी लिहिलं होतं. ते खोडलं. मागायचं कसं ते समजेना.

९ जानेवारी, शुक्रवार
पोस्टाने पाठवू म्हटलं. वै. म्हणाली पेटी आहे का आसपास तेच माहीत नाही. मि. म्हणाली फोटो काढून आत्याला पाठवते. तिला वाचू द्यावं लागलं. उभ्यानेच वाचलं. मराठी हळू वाचते ती, बोट ठेवून. कागदाचं लिहिलंय ती ओळ आली तेव्हा बोट थांबलं.
म्हणाली, "मी वाचला होता तो कागद. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं."
मी म्हटलं, तुला कशाला. तू तर बरोबर वाचलंस.
ती आत गेली. थोड्या वेळाने येऊन म्हणाली, पाठवलं, आप्पा.
प्र.ला अजून सांगितलं नाही.

१० जानेवारी, शनिवार
मि. म्हणाली आत्याने वाचलंय. दिसतं म्हणे ते. उत्तर नाही.

११ जानेवारी, रविवार
प्र.ला सांगितलं. तो चिडला नाही. गाडीची किल्ली हातात होती, ती टेबलावर ठेवली. म्हणाला, आज नको जायला कुठे.
वै.ने मग तवा ठेवला. पीठ काल दळून आणलं होतं तिने, मला माहीत नव्हतं. या घरात गेल्या आखाजीनंतर पहिल्यांदा थापण्याचा आवाज झाला. पहिली भाकरी फुगली नाही, हाताची सवय मोडलीय म्हणाली. सगळ्यांनी टेबलाशी बसून खाल्लं, दुधात कुस्करून. रविवारी संध्याकाळी घरात गॅस पेटला.
मागच्या पानावर लिहिलं, भाकरी दीड. मग खोडून रोटलो दीड लिहिलं.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
इथली उत्तरायण. गच्चीवर सकाळपासून गर्दी, गाणी, पतंग. खालून उंधियू आणि जिलेबी आली. मॅडमचं ऐकून जिलेबी घेतली नाही. कुणी आग्रहही केला नाही.
सणाचा दिवस. तिचा फोन सकाळीच यायला हवा होता, तिळगूळ घ्या म्हणायला. नाही आला. प्र.ने साडेसातपर्यंत वाट बघितली. मग त्याने लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. नाही.
वैशाखात तिची आई गेली त्यानंतरसुद्धा बुधवार चुकवला नव्हता तिने.
प्र. गच्चीवर निघून गेला. मी म्हटलं होतं तसंच झालं, असं तो म्हणाला नाही. म्हणायला पाहिजे होतं.

१६ जानेवारी, शुक्रवार
मि.ने आत्याला दोन मेसेज केले. एकाचं उत्तर आलं. "अभ्यास कर." एवढंच.
जावयांना प्र.ने फोन केला. ते म्हणाले तब्येतीने बरी आहे, शेतावर जाते, स्वयंपाक करते, बोलत नाही. आमच्याशीही कामापुरतं बोलते.
म्हणजे मी तिकडच्या घरातलं बोलणंही घालवलं.

१८ जानेवारी, रविवार
हे पान मितालीला फोटो काढायला देणार आहे. आधी इथे लिहितो, मग तिला देतो.
नंदा, मी तुला लिहिलं ते तू माझ्याशी बोलावंस म्हणून नव्हतं. तसं थोडं होतंही, खोटं कशाला लिहू. पण त्याने उलटं झालं. तू प्रवीणचाही फोन बंद केलास. तो तुझ्याशी डॉक्टरचं नाव घेऊन बोलायचा ते माझ्यासाठी. माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवून. शेवटचं एकदा तो माहीत असून बोलला, ३१ डिसेंबरला, तेही माझ्यासाठी. त्याचा राग धरू नको. त्याला एकच बहीण आहे आणि आई राहिली नाही.
परवा बुधवारी, खरं तर तेरवा, २१ तारखेला, तो मिलमधून लवकर येणार आहे. मला सांगितलं नाही त्याने, वैशालीकडून कळलं. फोन टेबलावर ठेवून बसेल. तू कर. मी त्या वेळी सोफ्यावर बसणार नाही. खाली बाकावर जाऊन बसेन, चांगला तासभर. थंडी फार नसते साडेसातला. आप्पा कसे आहेत हे विचारायची गरज नाही, तोही सांगणार नाही, मी तसं बजावून ठेवीन. तुम्ही भावंडं बोला.
आखाजीचं आता विचारत नाही. घागर तुझ्या आईची आहे, माझी नाही, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं. तू येणार असशील तर मी त्या दिवशी लिंबायतला जुन्या शेजाऱ्यांकडे जाऊन राहीन.
आणि फोन नसेल करायचा तर नको करू. मितालीला दोन अक्षरं लिही. नाही म्हणायचं असेल तर नाही लिही. ती मला वाचून दाखवेल, आणि यावेळी मागची बाजूही बघायला सांगीन. पण काय ते कळव. बुधवारच्या आत कळव, पोरगा वाट बघतोय.